वाडीतल्या माडाची राख

बावीस वर्षं राऊतांच्या घरातल्या एकाही शुभकार्यात ज्या बाईला कुणी पुढे येऊ दिलं नाही, तिला पुढे बसवण्यासाठी महाशिवरात्रीच्या दुपारी घरातली तीन मोठी माणसं उपाशीपोटी तिच्या दारात येऊन उभी राहिली. शांताला आधी हसूच आलं. मग दादाचा चेहरा दिसला आणि हसू जिथल्या तिथे राहिलं.

रहाटाच्या विहिरीपलीकडे केळी पिकवायची एक खोली होती. गेली तीन वर्षं शांता तिथे राहत होती. बाहेर मांडवावर सोललेली राजेळी केळी उन्हात घातलेली होती आणि ती एकेक उलटी करत होती. सुकेळी करावी तर शांतानं, असं निर्मळपासून आगाशीपर्यंत म्हणत. तिच्या हातच्या सुकेळीला विटाळ नव्हता, कारण ती मुंबईच्या बाजारात जाई. हाताला मात्र होता.

"बसा की," ती म्हणाली.

कुणी बसलं नाही. तिच्या दारात कुणी बसत नाही, हे ती दर वेळी विसरायची.

नरहरी सगळ्यांत मोठा, घराचा कर्ता. तो विहिरीकडे बघत उभा राहिला. बोलली ती त्याची बायको लीला.

"वन्सं, उद्या केळव्याचे हरिश्चंद्रमामा येतात. मुलाचे मामा. त्या घरात त्यांच्या शब्दाबाहेर कोन नाय."

"म्हणजे मंदाचं ठरलं?"

"ठरल्यातच जमा हाय. ते काय बोलनी करायला येत नाय, उद्या अमावास्या. तुंगारेश्वरची जत्रा करून परत जातात, वाटेत आपलं घर लागतं, म्हनून घोटभर पानी प्यायला येतात."

तुंगारेश्वर पूर्वेला डोंगरात, केळवं उत्तरेला आणि राऊतांची वाडी पश्चिमेला समुद्राच्या अंगाला. ही कुठली वाट, ते कुणी विचारलं नाही. मामा कशाला येताहेत ते सगळ्यांना ठाऊक होतं. ज्या घरचं पाणी म्हातारा प्याला, त्या घरची मुलगी चालेल. नाही प्याला, तर चालणार नाही. त्यात ना भांडण, ना बोलाचाली. लोटा तसाच खाली ठेवायचा आणि उठायचं.

"त्यांच्या कानावर गेलंय," मधू म्हणाला. धाकटा मधू मुंबईला कचेरीत होता आणि या कामासाठी दोन दिवसांची रजा टाकून आला होता. "राऊतांची बहीण बाटली, असं कुणीतरी सांगितलंय. म्हणाले, आहे कुठे ती, समोर दिसू दे."

तेव्हा कुठे शांताच्या ध्यानात आलं. अठराव्या वर्षी नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. तेव्हापासून घरात हळद लागली की तिनं मागच्या पडवीत बसायचं, हा रिवाज होता. आता तीच समोर बसलेली दिसली नाही, तर लग्न मोडणार होतं. नशिबाला थट्टा करायची तर इतकी माणसं सोडून तिचंच दार बरं सापडतं!

"मी काय करायचं?"

"खोटं बोल असं कुणी म्हणत नाही ताई. नुसती ओसरीवर बस. नेहमीचं लुगडं नेस. गळ्यातलं ते आत टाक." मधूनं तिच्या गळ्यातल्या क्रुसाकडे नुसतं बोट केलं. तीन वर्षांपूर्वी तिनं गासच्या देवळात बाप्तिस्मा घेतला, तेव्हा अख्ख्या घरात एकट्या मधूनं तिला कार्ड टाकलं होतं, 'तुझा देव तू निवड, माझी बहीण तीच.' ते कार्ड तिनं जपून ठेवलं होतं. आज तोच मधू दादाच्या खांद्याला खांदा लावून उभा होता. आणि जी लीला तीन वर्षं तिच्याशी चकार शब्द बोलली नव्हती, ती आज दोन पावलं पुढे येऊन, अगदी उंबऱ्याला टेकून म्हणाली, "वन्सं, मंदी तुमच्या मांडीवर वाढली. मी बाळंतरोगात वर्षभर खाटेवर होते, तुम्ही नसता तर माझी पोर जगली नसती. हे मी कधी बोलले नाय. आज बोलते."

शांताच्या हातातलं केळं तसंच राहिलं. हे एक वाक्य ऐकायला तिनं सतरा वर्षं वाट पाहिली होती. आलं ते कशासाठी आलं, हेही तिला कळत होतं.

"मी बसेन," ती म्हणाली. "पण कुणी तोंडावर विचारलं, तर मी नाही म्हणणार नाही."

"कुणी विचारणार नाही. ते मी बघतो," मधू म्हणाला.

नरहरी विहिरीकडून वळला. जाताना म्हणाला, "शांते, एकाच दिवसाचा प्रश्न हाय."

गप्प बसणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, अशी शांतानं आपल्या मनाची समजूत घातली. घालायला दुसरं होतं कोण? गासची म्हातारी अँजेलिना असती तर तिनं कान उपटले असते. दूध घालायला जाता जाता शांता दहा वर्षं तिच्या ओट्यावर बसली होती. तिथेच पहिल्यांदा तिला वाटलं, की आपल्या शेजारी आणखी कुणीतरी बसलंय, आणि आपण विधवा आहोत की सवाष्ण याच्याशी त्याला काही घेणं नाही. अँजेलिनाच तिची धर्ममाता झाली, तिनंच तिला आग्नेस हे नाव दिलं. गेल्या पावसाळ्यात म्हातारी गेली आणि त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी राखेचा बुधवार. उपवासकाळाची सुरुवात.

शांता पहाटेच गासला गेली. देवळात बायका आपापल्या आळीच्या घोळक्यानं चटयांवर बसल्या होत्या. कुणी तिला वाईट बोललं नाही. खरं म्हणजे कधीच कुणी बोलत नसे. फक्त चटईवर सरकून जागा करून देत नसत. दहा-बारा पिढ्यांपासून क्रुसासमोर गुडघे टेकणाऱ्या त्या बायकांच्या लेखी ती अजून 'राऊतांची बाई' होती. अँजेलिना होती तोवर तिच्या चटईचा कोपरा शांताचा असे. आता ती मागे, दाराजवळ, फरशीवर बसत असे.

गेल्या वर्षी ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारासाठी देवळाला माडाच्या कोवळ्या झावळ्या हव्या होत्या. शांतानं आपल्या खोलीशेजारच्या माडाच्या दिल्या होत्या. ती जन्मली त्या वर्षी तो माड तिच्या बाबांनी लावला होता, म्हणून सगळे त्याला शांतेचा माड म्हणत. त्याच झावळ्या वर्षभरानं जाळून आजची राख केलेली. फादर रांगेतून येत येत तिच्यापाशी पोचले. लॅटिनमध्ये काहीतरी पुटपुटले. त्याचा अर्थ अँजेलिनानं तिला सांगून ठेवला होता, तू माती आहेस आणि मातीला मिळणार आहेस. मग त्यांनी राखेत बुडवलेला अंगठा तिच्या कपाळावर टेकवला, उभा ओढला, आडवा ओढला.

बावीस वर्षांपूर्वी बायकांनी विहिरीवर तिचं कुंकू पुसलं होतं. त्यानंतर त्या कपाळाला गेली तीन वर्षं येणारा हा एक दिवस सोडला, तर कुणाचं बोट लागत नव्हतं. लावू नये असं कुणी ठरवलं होतं असं नाही, लावण्यासारखं काही उरलंच नव्हतं. लोक 'माती, माती' ऐकून मान खाली घालून बाहेर पडत होते आणि शांताला मात्र कुणीतरी आपल्याला हळदीकुंकवाला बोलावल्यासारखं वाटत होतं. हे चुकीचं असेल तर देव बघून घेईल, असं म्हणून ती घरी निघाली.

देवळात मिस्साला जायचं म्हणून रात्रीपासून तिच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता, आणि आज संध्याकाळच्या घंटेपर्यंत तो घ्यायचाही नव्हता. वाटेत रोजच्यासारखा म्हशीसाठी गवताचा भारा कापला आणि डोक्यावर घेतला. चुंबळ कपाळावर सरकली, घाम आला. दुपारी वाडीत पोचेतो क्रुसाची उभी रेघ पार पुसून गेली होती आणि आडवी तेवढी कपाळभर पसरली होती. तिच्याकडे आरसा नव्हता, तिला ते कळलं नाही.

लीलाला वाडीच्या फाटकाशी, बेड्यापाशीच दिसलं. "हे काय कपाळाला?"

"आज आमचा राखेचा बुधवार."

"अगो बाय! आजच? पुसा ते आधी. पदर भिजवा नि पुसा. तुमचा देव काय एवढ्यानं रुसायचा नाय."

"देव नाही रुसणार वहिनी," शांता म्हणाली. "मलाच पुसवत नाही."

लीला काही बोलणार, तेवढ्यात वाटेवर बैलगाडीचे घुंगरू वाजले. मामा ठरल्या वेळेच्या तासभर आधी आले होते. पाहणाऱ्यानं तयारीला वेळ द्यायचा नसतो, हे म्हाताऱ्याला चांगलं कळत होतं.

*

हरिश्चंद्रमामा सत्तरीचे, काटक, पांढऱ्या मिशांचे. कपाळावर तुंगारेश्वरच्या भस्माचे तीन पट्टे. ओसरीवर बसले, पण घोंगडीच्या अगदी कडेला, केव्हाही उठता येईल असे. जत्रेतल्या गर्दीची, डोंगराच्या चढाची, इंग्रज सरकार या वर्षी जातंय की पुढच्या वर्षी त्याची चार वाक्यं झाली. मग त्यांनी मान वळवली.

शांता खांबाशी बसली होती. नेहमीचं लुगडं, क्रूस आत.

"ही कोन?"

"आमची बहीण. शांताताई," मधू घाईनं म्हणाला.

म्हातारा बघत राहिला. नजर तिच्या कपाळावर आली आणि तिथेच थांबली. ओसरीवर कुणी हललं नाही. लीलानं दाराची चौकट धरली. आणि एकाएकी मामा मांडीवर थाप मारून हसले.

"नरहरी! लोकांच्या जिभेला काय हाड हाय? मला केळव्यात सांगतात, राऊतांची लेक बाटली! आनि हिच्या कपाळाला हे भस्म! अरे, बाटलेली बाय शिवरात्रीचं भस्म लावील?"

केळव्याच्या त्यांच्या आळीत ख्रिस्तीवस्ती नव्हती. कालची शिवरात्र आणि आजचा राखेचा बुधवार यंदा असे पाठोपाठ आलेत, हे म्हाताऱ्याला कुठून माहीत असणार? त्याला जे दिसलं ते त्यानं आपल्या देवाच्या नावे जमा केलं.

मधूच्या चेहऱ्यावर आधी भीती होती, मग नवल, मग त्याला हसू फुटलं. "ताईचा आजही उपास आहे मामा," तो म्हणाला. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. मधू कचेरीत असली पत्रं लिहायला शिकला होता.

"असनारच." मामा आता घोंगडीच्या मध्ये सरकून ऐसपैस बसले. "आन गं बाय, पानी आन. तुझ्याच हातचं आन. उपासाच्या बायच्या हातचं पानी म्हनजे तीर्थ."

नरहरीनं डोळे जमिनीला लावले. लीला आत गेली. देवघराशेजारच्या फळीवरून तिनं सासूचा पितळी लोटा काढला, त्यात पाणी भरलं आणि बाहेर येऊन शांताच्या हातात दिला. तीन वर्षं शांताच्या ओंजळीत वरून पाणी ओतणाऱ्या त्या बाईची बोटं शांताच्या बोटांना लागली, आणि तिनं ती मागे घेतली नाहीत. उलट क्षणभर दाबली.

लोटा गार होता. आईचं नाव काठाखाली कोरलेलं होतं, शांताच्या अंगठ्याला ते लागलं. तिला तहान लागली होती, फार लागली होती. दाराआडून मंदा बघत होती. पोरीनं दोन्ही हात छातीशी घट्ट धरले होते आणि तिच्या डोळ्यांत एवढंच होतं, आत्या, दे.

चार पावलं. नुसती चार पावलं चालून लोटा पुढे करायचा. तोंड उघडायचंच नाही. विचारलं कुठे कुणी? आणि तरी म्हाताऱ्यानं विचारलंच, सहज, हात पुढे करता करता.

"भस्म तुंगारेश्वरचंच ना गं? का निर्मळच्या देवळातलं?"

मधू म्हणाला, "वाडीतलंच मामा."

शांतानं चमकून मधूकडे पाहिलं. त्याला माडाची गोष्ट माहीत नव्हती, त्यानं आपला हवेत बाण मारला होता. पण बाण बसला होता बरोबर. वाडीतलीच राख ती, बाबांनी लावलेल्या माडाची. 'हो' म्हटलं तर देवासमोरसुद्धा ते खरं ठरलं असतं. इतकं खरं आणि इतकं खोटं एकच वाक्य तिच्या आयुष्यात पुन्हा आलं नसतं.

ती दोन पावलं चालली. मग थांबली.

"मामा, पाणी पिऊ नका."

"का गं?"

"राख वाडीतल्या माडाचीच आहे. पण लावली गासच्या देवळातल्या फादरनी. तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. मी तीन वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतला. आग्नेस माझं नाव."

म्हाताऱ्यानं पुढे केलेला हात हळूहळू मागे घेतला.

"मग पानी कशाला आनलंस?"

"तुम्ही मागितलंत म्हणून. आणि मी गप्प बसायचं ठरवलं होतं."

"मग बसली का नाय?"

शांताला लोटा जड झाला. तिनं तो पायरीवर ठेवला. "तुम्ही आयुष्यभर नेम पाळलात मामा. तो मी फसवून मोडायचा आणि संध्याकाळी माझा नेम म्हणून गुडघे टेकायचे, हे कसं जमेल? मला तुमचा विटाळ होत नाही. पण तुम्हाला माझा होतो. ते तुम्हाला माहीत नसताना तुमच्या तोंडात पाणी कसं घालू?"

म्हातारा घोंगडीच्या कडेला सरकला. मग उठला, पायात वहाणा सरकवल्या.

"नरहरी, आज अमावास्या. आज काय बोलायचं नसतं." गाडीत चढताना तो वळून शांताला म्हणाला, "तू सांगितलंस ते बरं केलंस बाय."

या बरं केल्याचा त्या घरात कुणालाही काडीचा उपयोग नव्हता.

घुंगरू लांब गेल्यावर मधू म्हणाला, "ताई, नुसतं गप्प बसायचं होतं." तो रागावला नव्हता. त्याचा आवाज रडवेला होता आणि शांताला तो शिवीपेक्षा जास्त लागला. लीला भिंतीला टेकून रडत होती. शांता तिच्याकडे निघाली तशी तिनं हात वर केला, तिथेच थांबा म्हणून.

नरहरीनं आवाज चढवला नाही. बाबांचा स्वभाव त्याच्यात उतरला होता. "शांते," तो म्हणाला, "चैत्रापासून केळी पिकवायची खोली मला लागेल."

"बरं दादा," ती म्हणाली.

*

सांजेला ती सुकेळी गोळा करत होती तेव्हा मंदा आली. हातात तोच लोटा, खाली कापड धरून आणलेला. डोळे सुजलेले.

"आई म्हणते, हा आता घरात घ्यायचा नाही. घासूनसुद्धा नाही." तिनं लोटा विहिरीच्या काठावर ठेवला. "तुझ्याकडे ठेव म्हणते."

"आईचा लोटा आहे, मंदा. तुझ्या आजीचा."

"म्हणूनच टाकवत नाही तिला."

शांतानं तिच्याकडे पाहिलं. जन्मल्यापासून ही पोर तिला एकही गोष्ट न सांगता राहिली नव्हती. बाप्तिस्म्यानंतरसुद्धा सगळ्यांचा डोळा चुकवून यायची, मांडवाखाली बसून गप्पा मारायची. आज उभीच होती.

"आत्या, तो मुलगा मला आवडला होता. लांबून पाहिला होता मी, निर्मळच्या जत्रेत."

"बाय माझी..."

"गप्प का नाही बसलीस?"

दुपारी म्हाताऱ्याला सांगायला जे शब्द चटकन सापडले होते, ते या पोरीसमोर निघेनात. शेवटी शांता म्हणाली, "तुझ्या संसाराचं पहिलं पाणी खोटं गेलं असतं गं."

मंदानं डोळे पुसले.

"मला चाललं असतं, आत्या," ती म्हणाली, आणि केळींमधून घराकडे निघून गेली. वळून बघेल असं शांताला वाटत राहिलं. ती दिसेनाशी झाल्यावरही बराच वेळ वाटत राहिलं.

गासच्या देवळाची संध्याकाळची घंटा झाली. शांतानं क्रुसाची खूण करायला बोटं कपाळाला लावली. राख बोटांना आली नाही, घामानं केव्हाच गेली होती. तिनं प्रार्थना म्हटली. शेजारी कुणी बसलंय का, म्हणून थोडी थांबली. आज तिला काही कळेना. बसलं असेल, असं धरून तिनं आमेन म्हटलं.

मग लोट्याकडे गेली. दुपारचं पाणी तसंच होतं, कुणी ओतूनसुद्धा टाकलं नव्हतं. रात्रीपासूनची तहान होती, तिनं उभ्याउभ्या सगळं पिऊन टाकलं. लोटा चुलीतल्या राखेनं स्वच्छ घासला, आईच्या नावावरून बोट फिरवलं आणि आत नेऊन भिंतीवरच्या क्रुसाखाली पालथा ठेवला.

चैत्रात इथून निघायचं होतं. कुठे जायचं ते ठाऊक नव्हतं. पण राऊतांच्या घरातलं कुणीतरी तिच्याबरोबर बाटलं होतं, तिच्याबरोबर बाहेर पडणार होतं. एक लोटा का होईना.